एकच दुष्काळ, दोन मावश्या : प्रस्तावना

माझ्या दोन मावश्या १९७२ च्या दुष्काळात एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. पैठण तालुक्यातलं गाव. थोरली तेव्हा वीस वर्षांची, धाकटी अठराची. दोघी एका आईच्या लेकी, एका चुलीवर जेवलेल्या आणि एकाच मांडवात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या, त्यामुळे सासरही एकच. उजाडायच्या आत दोघी घर सोडायच्या. डोक्यावर घमेलं, घमेल्यात हातोडी आणि फडक्यात बांधलेली मिलोची भाकरी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. कामावर पोचलं की पायांना गोणपाट गुंडाळायचं, मोठा दगड दोन पायांत धरायचा आणि दिवस मावळेपर्यंत फोडत बसायचं. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा आणि हजेरीपटावर अंगठा घ्यायचा. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला, त्याच्या मुळाशी हे दिवस आहेत.

लहानपणापासून मी हा दुष्काळ दोघींच्या तोंडून ऐकत आले, आणि दर वेळी मला वाटायचं की या दोघी वेगवेगळ्या कामावर होत्या.

थोरली सांगायची, "कपची डोळ्यात उडायची. पोटात आग पडलेली. पाण्याचा हंडा दुपारीच संपायचा, अन् मुकादमाचा हात मात्र लिहिताना आखडायचा."

धाकटी सांगायची, "अगं, शंभर बाया होतो आम्ही. एकीनं ओवी धरली की बाकीच्या झेलायच्या, हातोडीच्या तालावर. तसलं माहेरपण पुन्हा नाही मिळालं बघ."

हे ऐकून थोरली कपाळाला हात लावायची. "हिचं काय घेऊन बसलीस? ही सरणावर बी गाणं म्हणील."

दगड तेच होते, ऊन तेच, भाकरीही तीच. तरी एकीच्या वाट्याला खाईतले दिवस आले आणि दुसरीच्या वाट्याला ओव्या. दोघींपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं. पुढे मी मानसशास्त्र शिकले आणि मराठवाड्यातल्या एका शहरातल्या महाविद्यालयात तीस वर्षं शिकवलं. त्या साऱ्या काळात हा प्रश्न माझ्या मनातून हलला नाही. सारख्याच परिस्थितीत एक माणूस सुखी आणि दुसरा दुःखी का असतो? हे पुस्तक त्या प्रश्नाबद्दल आहे.

विषयात शिरण्याआधी शब्दांचा हिशेब नीट मांडायला हवा. त्यासाठी आपली मराठी मोठ्या कामाची आहे. आपण म्हणतो आनंद झाला, सुख लाभलं आणि समाधान मानलं. तीन शब्द आणि तीन वेगळी क्रियापदं. आनंद होतो आणि जातो. तो क्षणाचा आहे. सुख लाभतं, म्हणजे ते बरंचसं बाहेरून येतं: पोटभर अन्न, धडधाकट शरीर, जवळची माणसं. समाधान मात्र माणूस स्वतः मानतो किंवा मानत नाही. आपल्या आयुष्याकडे पाहून त्याने दिलेला तो कौल असतो. जगभरच्या संशोधकांना या तीन गोष्टी वेगळ्या करून मोजायला बरीच वर्षं लागली. अमेरिकेत नॉर्मन ब्रॅडबर्न यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की चांगल्या आणि वाईट भावना या एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. त्यांची खाती वेगळी आहेत. एखाद्याचं दुःख कमी झालं म्हणजे आनंद आपोआप वाढला, असं होत नाही. कोणत्याही मोठ्या कुटुंबात नजर फिरवली तर हे पटेल. चटकन हसणारी आणि तितक्याच चटकन डोळे भरून येणारी हळवी आत्या असते. सदा हसतमुख काका असतो. सतत घोर लावून घेणारी आजी असते. आणि ज्याला ना फार आनंद होतो ना फार दुःख, असा एक थंड स्वभावाचा भाऊही असतो. सुखी आणि दुःखी अशा दोनच रांगांत ही माणसं मावत नाहीत.

समाधान मोजण्याची सगळ्यात जास्त वापरली गेलेली पद्धत एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तयार केली. तीत फक्त पाच विधानं आहेत. आपलं आयुष्य आपल्या आदर्शाच्या कितपत जवळ आहे, आतापर्यंत महत्त्वाचं ते मिळालं का, पुन्हा जगायला मिळालं तर काही बदलावंसं वाटेल का, अशा धर्तीची. प्रत्येक विधानाला एक ते सात गुण द्यायचे. बेरीज कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३५. दर वर्षी मी ही विधानं मराठीत करून वर्गात भरायला द्यायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, हे पाण्याच्या दिवशी भरायचं का बिनपाण्याच्या?"

बाहेरगावच्या वाचकाला हा प्रश्न उलगडून सांगावा लागेल. जायकवाडीचं धरण आमच्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि वर्षानुवर्षं आमच्या शहराच्या नळाला रोज पाणी आलेलं नाही. कधी चार दिवसांनी, कधी आठवड्यानं. पाण्याचा दिवस आला की घरातलं एक माणूस मध्यरात्री उठून मोटार लावतं, टाकी, पिंप, हंडे, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून घेतं. त्या सकाळी गल्लीत धुणी वाळत असतात, अंगणं धुतलेली असतात आणि माणसं एकमेकांशी जरा गोड बोलतात. तेव्हा त्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशीच्या मनःस्थितीची छटा उत्तरावर पडते, हे संशोधकांनाही माहीत आहे. पण त्याच माणसाला काही महिन्यांनी पुन्हा विचारलं तर त्याचं उत्तर बरंचसं पहिल्या उत्तराच्या आसपास येतं, हेही तितकंच खरं. म्हणजे पाण्याच्या दिवसाची भरती-ओहोटी असते आणि तिच्याखाली प्रत्येकाची स्वतःची एक पातळी असते. ती पातळी प्रत्येकाची वेगळी का, इथून आपला विषय सुरू होतो.

पहिलं उत्तर स्वभावाचं. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी १९८० मध्ये मांडलं की स्वभावाचे दोन पैलू सुखाशी घट्ट बांधलेले आहेत. एक बहिर्मुखता : माणसांकडे, नव्या गोष्टींकडे, मजेकडे ओढ असणं. या पैलूचा संबंध चांगल्या भावनांच्या खात्याशी आहे. दुसरा पैलू म्हणजे चटकन धास्तावणं, मनाला लावून घेणं. तो वाईट भावनांच्या खात्यात जमा होतो. धास्तावणाऱ्या माणसाच्या मनातली घंटा इतरांच्या आधी वाजते, जोरात वाजते आणि उशिरा थांबते. धाकट्या मावशीला शंभर बायकांची सोबत आधी दिसली आणि थोरलीला मुकादमाची लेखणी, ती या फरकामुळे.

हा स्वभाव कुठून येतो, याचा सगळ्यात मोठा पुरावा जुळ्या भावंडांकडून मिळाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून लहानपणीच ताटातूट झालेल्या जुळ्यांचा शोध घेतला गेला. १९९६ मध्ये डेव्हिड लिकन आणि ऑके टेलेगेन यांनी जुळ्यांच्या समाधानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांची उत्तरं एकमेकांशी चांगली जुळत होती. एकाच घरात, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलेल्या द्विबीज जुळ्यांची मात्र फारशी जुळत नव्हती. शिक्षण, उत्पन्न, लग्न यांपैकी कोणतीही एक गोष्ट माणसामाणसांतल्या फरकाचा सुमारे ३ टक्क्यांहून जास्त खुलासा करू शकली नाही. नंतर जगभरचे असे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा सुखातल्या फरकापैकी साधारण ३५ ते ४० टक्के फरक आनुवंशिक असल्याचं दिसलं. याचा अर्थ सुखाचं एखादं जनुक सापडलं असा नाही. २०१६ मध्ये जवळपास तीन लाख लोकांची जनुकं तपासून सुखाशी निगडित अशा फक्त तीन जागा मिळाल्या, आणि त्या प्रत्येकीचा परिणाम अगदी कणभर होता. अशा असंख्य कणांची बेरीज म्हणजे आपला पिंड.

इथे वाचकाने थोडं थांबावं, अशी माझी विनंती आहे. या ३५-४० टक्क्यांचा सगळ्यात जास्त चुकीचा अर्थ काढला जातो. अनेकांना वाटतं, आपल्या सुखाचा एवढा हिस्सा जन्मतःच ठरलेला आहे. तसं नाही. हे समजायला प्रयोगशाळेपेक्षा आमच्याकडचं शिवार बरं.

समजा एकाच पोत्यातलं, सरमिसळ झालेलं ज्वारीचं बियाणं आहे. त्यातलं अर्धं बागायतीत पेरलं आणि अर्धं कोरडवाहूत. बागायतीत प्रत्येक ताटाला सारखं पाणी मिळतं. तिथे एक ताट उंच आणि शेजारचं बुटकं दिसलं, तर तो फरक बहुतेक बियाण्याचा. त्या वावरापुरतं 'उंची आनुवंशिक आहे' हे म्हणणं बरोबर आहे. पण आता बांधावर उभं राहून दोन्ही वावरांकडे बघा. बागायतीतली ज्वारी डोक्याच्या वर गेली आहे आणि कोरडवाहूतली गुडघ्याशी वाळते आहे. या दोन वावरांमधला फरक पूर्णपणे पाण्याचा आहे, कारण बियाणं एकाच पोत्यातलं आहे. एका वावरातल्या फरकाचं कारण दोन वावरांमधल्या फरकाला लावता येत नाही.

मिनेसोटाची जुळी बागायतीतली आहेत. बहुतेकांना शाळा मिळाली, औषध मिळालं, नळाला रोज पाणी मिळालं. जिथे परिस्थिती बरीचशी सारखी असते, तिथे उरलेला फरक बियाण्याचा दिसणारच. म्हणून तिथला टक्का उचलून मराठवाड्याला चिकटवणं चूक आहे. हंगाम बुडाल्यावर ज्याचं घर सावकाराच्या दारात जातं आणि ज्याचं पगारावर निभावतं, त्या दोघांमधला फरक स्वभावाच्या नावावर टाकता येत नाही. माझ्या मावश्यांची गोष्ट सांगताना मी मुद्दाम एक घर, एक चूल, एक काम असं सांगितलं, ते याचसाठी. त्या दोघींमधला फरक समजायला स्वभाव पुरतो, कारण दोघी एकाच वावरात होत्या.

दुसरं उत्तर आयुष्यातल्या घटनांचं. मोठी घटना घडली की माणूस कायमचा सुखी किंवा कायमचा दुःखी होतो, असं आपल्याला वाटतं. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेली २२ माणसं, अपघातात अपंगत्व आलेली २९ माणसं आणि सर्वसामान्य अशी २२ माणसं यांची तुलना केली. हा अभ्यास भाषणांतून नेहमी सांगितला जातो, आणि बहुतेकदा चुकीचा. 'लॉटरीवाले आणि अपंग सारखेच सुखी निघाले' असं वक्ते म्हणतात. प्रत्यक्षात पाचपैकी गुण असे होते : लॉटरीवाले ४, सर्वसामान्य ३.८२ आणि अपघातग्रस्त २.९६. म्हणजे लॉटरीनं फारसं काही वाढवलं नाही हे खरं. पण अपघातानं बरंच काही हिरावलं होतं. ते लोकांना वाटेल तितकं नव्हतं, एवढंच.

यापेक्षा भक्कम पुरावा जर्मनीतून आला. तिथे १९८४ पासून त्याच त्या हजारो माणसांना दर वर्षी त्यांच्या समाधानाबद्दल विचारलं जातं. त्यावरून रिचर्ड लुकस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लग्नाचा आनंद सरासरीने दोनेक वर्षांत ओसरतो. जोडीदार गेल्यावर पूर्वीच्या पातळीच्या जवळ यायला सरासरी सात-आठ वर्षं लागतात. नोकरी गेलेल्याचं समाधान तर नवी नोकरी मिळाल्यावरही पूर्ण भरून येत नाही. आणि या सगळ्या सरासरींच्या पोटात माणसामाणसांचा प्रचंड फरक आहे. लग्नानंतर कोणी वर्षानुवर्षं आधीपेक्षा आनंदी राहिलं, कोणी आधीपेक्षाही खाली गेलं. काळ हे औषध खरं, पण प्रत्येकाला ते वेगवेगळ्या मात्रेनं लागू पडतं.

धाकट्या मावशीचे यजमान अचानक गेले, तेव्हा मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती पस्तिशीच्या आत होती. भेटायला आलेला जो तो म्हणायचा, "हिचं काही नाही, हसरी आहे, सावरेल." तेराव्यानंतर लोकांचं येणं थांबलं. ती कामाला लागली होती, बोलत होती, क्वचित हसतही होती, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की ती सावरली. पण जात्यावरची ओवी बंद झाली होती आणि ती सहा-सात वर्षं बंदच राहिली. हे एकट्या थोरलीच्या ध्यानात आलं. ती रोज रात्री स्वतःचं अंथरूण उचलून धाकटीच्या खोलीत टाकायची. समजूत घालायची नाही, काही विचारायची नाही. नुसती शेजारी झोपायची. जिला आम्ही सगळे किरकिरी म्हणायचो, तिला दुःखाच्या शेजारी बसणं जमत होतं, कारण दुःख तिच्या ओळखीचं होतं. हसऱ्या माणसाला एक मोठी किंमत मोजावी लागते : त्याला कोणी विचारत नाही. या विषयाच्या अभ्यासाने मला शिकवलेल्या गोष्टींपैकी ही सगळ्यात मोलाची आहे, आणि ती मला आधी घरात दिसली, मग पुस्तकात.

हे पुस्तक लिहिण्याची निकड वाटली ती दोन चुकांमुळे. दोन्ही आपल्याकडे रोज होतात.

पहिली चूक म्हणजे दुःखी माणसाला जबाबदार धरणं. 'सुख मानण्यावर असतं', 'सकारात्मक राहा', 'तुझं नेहमीचंच रडगाणं' अशी वाक्यं आपण सहज बोलतो. ज्याच्या मनातली घंटा जन्मतःच जोरात वाजते, त्याला 'घंटा ऐकू नकोस' म्हणणं म्हणजे बुटक्याला उंच हो म्हणणं. स्वभाव समजून घ्यायचा तो आरोप ठेवण्यासाठी नाही. आणि धास्तीलाही तिचं काम असतं. खडीच्या कामावर एकदा मुकादमाने तीन दिवसांची हजेरी लावलीच नव्हती. ते थोरलीनं पकडलं, कारण ती रोज रात्री दोरीला गाठी मारून दिवस मोजत होती. त्या तीन दिवसांचे पैसे पंचवीस-तीस बायकांना मिळाले, त्यात ओव्या म्हणणाऱ्याही होत्या.

दुसरी चूक उलट दिशेची. गरीब माणूस हसताना दिसला की आपल्याला बरं वाटतं : बघा, काही नसताना कसा समाधानी आहे! रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ मध्ये कोलकात्यातल्या ८३ गरीब माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात झोपडपट्टीतले लोक होते, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या आणि फुटपाथवर राहणारे होते. आपली माणसं, मैत्री, स्वतःचं वागणं याबद्दल ते अपेक्षेपेक्षा बरेच समाधानी निघाले. हे वाचून कोणी म्हणेल, मग पैशाचं काय एवढं? पण त्याच अभ्यासात ज्यांच्या डोक्यावर छप्परच नव्हतं, त्या फुटपाथवरच्यांचं समाधान सगळ्यात कमी होतं. माणूस नात्यांच्या आधारावर तग धरतो, याचा अर्थ छपराची गरज नाही असा होत नाही. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास याहून बोलका आहे. ऊस तुटण्याआधी हातात पैसा नसताना आणि ऊस गेल्यावर पैसा आल्यानंतर, त्याच शेतकऱ्यांना बुद्धीच्या चाचण्या दिल्या. ओढगस्तीच्या दिवसांत त्यांना त्या जड गेल्या, पैसा आल्यावर सोप्या गेल्या. माणूस तोच, मेंदू तोच. पण चणचण त्याच्या डोक्यातली जागा अडवून बसली होती.

२०२२ च्या दिवाळीला महाराष्ट्रात रेशन दुकानांवर १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला. रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि पामतेल एक लिटर. पिशवीचं वजन प्रत्येक घरी सारखं होतं. त्या रव्याचे लाडू वळताना एखाद्या घरात हसण्याचा आवाज आला असेल, एखाद्या घरात लाडू वळणारे हात गेल्या वर्षीच्या आठवणीने थांबले असतील. आनंद असा मापून देता येत नाही. पण शिधा मापून देता येतो, आणि तो द्यायलाच हवा. समाजाने शिध्याची जबाबदारी घ्यायची आणि त्यानंतरच्या फरकाकडे आदराने बघायचं, ही माझी या पुस्तकामागची भूमिका आहे.

मग स्वभाव बदलतच नाही का? १९९६ च्या लेखात लिकन यांचा सूर निराशेचा होता. अधिक सुखी होण्याची धडपड ही अधिक उंच होण्याच्या धडपडीइतकीच व्यर्थ असावी, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. तीन वर्षांनी स्वतःच्या पुस्तकात त्यांनीच ते मत मागे घेतलं. जर्मनीतल्या त्याच माहितीवरून फुजिता आणि डीनर यांनी २००५ मध्ये दाखवलं की १७ वर्षांच्या काळात सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या समाधानाची पातळी लक्षणीय बदलली होती. चौघांपैकी तिघं आपापल्या पातळीच्या आसपास राहिले आणि एकजण सरकला, कोणी वर तर कोणी खाली. मला यात आशाही दिसते आणि सावधगिरीही. त्याच वर्षी सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सुखाची वाटणी ५० टक्के पिंड, १० टक्के परिस्थिती आणि ४० टक्के स्वतःची कृती अशी मांडली. ती फार लोकप्रिय झाली आणि तिच्यावर टीकाही झाली. लोकांमधल्या फरकाची ही वाटणी कुणा एकाच्या आयुष्याला लावता येत नाही, हा आक्षेप मला पटतो. ज्वारीच्या वावराचा धडा इथेही लागू आहे.

आपल्या परंपरेने हा प्रश्न वेगळ्या अंगाने विचारला. संत एकनाथांची आख्यायिका मराठवाड्यात लहान मूलही सांगतं. गोदावरीचं स्नान करून नाथ येत, एक माणूस त्यांच्या अंगावर थुंके आणि नाथ पुन्हा स्नानाला जात. असं कितीतरी वेळा घडलं आणि नाथांची शांती ढळली नाही. सुख वाढवायचं कसं हा या कथेचा प्रश्नच नाही. सुखदुःखात मन सम कसं राहील, हा आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात शिकवलेले मराठी मानसशास्त्रज्ञ आनंद परांजपे यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात 'स्व'विषयीचा पाश्चात्त्य आणि भारतीय विचार शेजारी शेजारी ठेवून पाहिला. मन सम ठेवण्याचा नाथांचा आदर्श मोठा आहे. मात्र आदर्शाचा दाखला देऊन शेजारच्या माणसाला 'नाथांसारखा हो' म्हणण्याआधी त्याच्या अंगावर कोण थुंकतंय, तेही पाहायला हवं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. कमी हसणारा स्वभाव आणि नैराश्याचा आजार या दोन वेगळ्या बाबी आहेत. दोन-दोन आठवडे मन उदास राहणं, झोप आणि भूक जाणं, कशातच रस न वाटणं, मरणाचे विचार येणं, हा स्वभाव नसतो. तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. विदर्भात 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं गेलं, तेव्हा १८ महिन्यांत मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मदत दारात आली की माणसं ती घेतात. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक देशभर चालतो, त्यावर मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

पुढच्या प्रकरणांची रचना या प्रस्तावनेच्याच वाटेने जाते : आधी मोजमाप, मग स्वभाव, मग आनुवंशिकता, घटना, परिस्थिती आणि शेवटी बदल. वाचकाने ती स्वतःला गुण देण्यासाठी वाचू नयेत. आपल्या घरातल्या एखाद्या वेगळ्या स्वभावाच्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून वाचावीत.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या पाच विधानांचा कागद घेऊन गावी गेले. दोघी आता सत्तरीच्या पुढच्या. दोघींना वेगवेगळं बसवून मी विधानं वाचून दाखवली. धाकटीची बेरीज एकतीस आली, थोरलीची सोळा. मग मला सुचलं म्हणून मी प्रत्येकीला दुसरीचे गुण ओळखायला सांगितले.

थोरली म्हणाली, "हिचं सगळीकडं सात लिही. ओवी बंद होती तव्हा विचारलं असतंस तरी हिनं सातच सांगितलं असतं. कुणाला कळू देत नाही ती."

धाकटी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. "अक्काचं दोन-तीन लिही," ती म्हणाली. "पण पोरी, ती दोन म्हणत होती म्हणून कणगीत दाणे राहिले. मला सगळं सातच दिसायचं."